कॉर्कचं पॅकिंग

सासूबाई गेल्या त्या वर्षी दिवाळी झाल्यावर आबा आमच्याकडे नाशिकला राहायला आले. आबा म्हणजे माझे सासरे. चांदवडपासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथं ते कांदा पिकवायचे आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा मालही बाजारात पोचवायचे. रविवारी मी येतो न्यायला, असं नवऱ्यानं त्यांना कळवलं होतं. पण त्याआधीच एका सकाळी ते स्वतः गाडी चालवत आले. जुनी, पांढरी, उंच डिझेल गाडी. मागच्या सीटवर एक पत्र्याची पेटी, कपड्यांच्या पिशव्या आणि लसणाच्या माळा.

आडगाव नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. नवरा पुण्याला कंपनीत, शनिवार-रविवारपुरता घरी येतो. मुलगी शिकायला बाहेरगावी. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघंच, आबा आणि मी. आणि आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती.

आमचं भांडण कधीच नव्हतं. पण लग्न झाल्यापासून आमचं बोलणं सासूबाईंमार्फत चालायचं. मी समोर उभी असले तरी आबा त्यांना सांगायचे, "तिला म्हणावं, चहा ठेव." आणि मीही सासूबाईंनाच विचारायचे, "आबांना भाकरी आता वाढू का?" मी पंचवटीतली. वडील यात्रेकरूंची पूजा सांगायचे, घरात माणसांचा सतत राबता आणि सगळे एकदमच बोलणारे. त्यामुळे सासरची ही रीत सुरुवातीला मला गमतीची वाटली, मग तिची सवय झाली. आता सासूबाईच नव्हत्या. आबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरायचे, मी काय हवं ते ओळखायचे, पाणी किंवा चहा ओट्याच्या कडेला ठेवायचे आणि ते घेऊन जायचे. दिवसचे दिवस असे जात होते.

मी घरी ब्लाऊज शिवते. मशीन हॉलमध्ये खिडकीशी आहे. मापं द्यायला बायका आल्या की आबा उठून गॅलरीत जायचे. बायका तास तास बसायच्या. मग आबा हळूच चप्पल घालून खाली उतरायचे, ते गाडीजवळ. काच पुसायचे, बॉनेट उघडून आत बघायचे, गाडी चालू करून थोडा वेळ आत बसायचे आणि बंद करून वर यायचे. कुठं जायचे नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन करायचं राहिलं होतं आणि शहरातल्या गर्दीत गाडी घालायला ते बिचकत होते.

थंडी पडायला लागली तेव्हा खालच्या पेव्हर ब्लॉकवर पहिल्यांदा तो डाग दिसला. काळा, तेलकट, बशीएवढा. बघता बघता तो ताटाएवढा झाला. तळमजल्यावरच्या बाईंची स्कूटर तिथूनच बाहेर निघायची. त्या चिडल्या नाहीत, पण एकदा त्यांची चप्पल घसरली आणि त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ. वर आले, चहा घेतला, आबांच्या तब्येतीची चौकशी केली आणि निघताना म्हणाले, "काका, गाडीचं जरा बघून घ्या. नाहीतर बाहेर रस्त्याला लावा."

त्या शनिवारी नवरा आला आणि आबांना घेऊन एका गॅरेजला गेला. मेकॅनिकनं खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात तिथून तेल टपकत होतं. तो म्हणाला, "मागचा ऑइल सील गेलाय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गाडी ठेवून जा, सवडीनं करू." आबांनी गाडी ठेवली नाही. घरी आल्यावर नवरा सरळच बोलला.

"आबा, एवढं करून उपयोग काय? तुम्ही चालवत नाही, मी इथं नसतो. कुणाला तरी देऊन टाकू."

आबा म्हणाले, "तुझ्या मनाला येईल तसं कर."

एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. मी दोन भाकरी वाढल्या तर एक परत यायची. गाडीकडेही ते जाईनासे झाले. हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहायचे. मापं द्यायला बाई आली तरी उठायचं त्यांच्या लक्षात यायचं नाही. ती बिचारी माझ्याकडे बघायची आणि आम्ही आतल्या खोलीत जायचो.

मला भीती वाटायला लागली. सासूबाई शेवटी शेवटी अशाच भाकरी परत करायच्या.

एका सकाळी मी चहा ओट्यावर ठेवायच्या ऐवजी त्यांच्या खुर्चीपाशी घेऊन गेले आणि समोर स्टूल ओढून बसले. असं मी कधी केलं नव्हतं. ते थोडे सावरून बसले.

मी विचारलं, "आबा, तुम्हाला काय वाटतं, खरंच मागचा सील गेला असेल?"

त्यांनी चहाचा कप हातात धरला. मग म्हणाले, "तेल तिथूनच गळतंय. तो म्हणतो ते खरं असंल."

"पण तेल वरून ओघळत येऊन तिथं गळत असेल तर?"

मला गाडीतलं काही कळत नव्हतं. मी हे बोलले ते आमच्या गच्चीच्या गळतीवरून. पाणी एका कोपऱ्यात मुरायचं आणि आमच्या छतावर भलतीकडेच डाग पडायचा. आबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"वरून म्हणजे टॅपेट कव्हरातून," ते म्हणाले. "येऊ शकतं. पण बघणार कसं? सगळंच काळं झालंय."

"आपण बघू ना. गाडी देऊनच टाकायची तर बघायला काय हरकत आहे?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "पोरी, इथं माझ्या हाताला काहीच लागत नाय. नळ गळला तर प्लंबर येतो. लाइट गेली तर कुणीतरी खालून बटण दाबतं. गावाकडं दिवस कसा जायचा कळत नव्हतं. इथं तेवढी एक गाडी होती."

पोरी अशी हाक त्यांनी मला पहिल्यांदाच मारली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच भांडी हलवत उभी राहिले.

त्या दुपारी आम्ही खाली गेलो. माझ्याकडे अस्तराच्या कापडाच्या चिंध्यांची गोणी भरलेली असते. ती घेतली, एक जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि वाटीत थोडं डिझेल. आबांनी बॉनेट उघडून टेकू लावला. आत सगळीकडे धूळ आणि तेल मिळून काळा थर बसला होता. मी ब्रशनं घासायचे, आबा चिंधीनं पुसायचे. आबांनी एकेक वस्तू बोट लावून दाखवली. इंजिनच्या डोक्यावर झाकणासारखं बसलेलं ते टॅपेट कव्हर. त्याच्या खाली कडेकडेनं जी पट्टी असते ते पॅकिंग. तेल आतच राहावं म्हणून ते बसवतात. दोन दिवस आम्ही नुसतं इंजिन पुसलं.

मग मी फोनवर शोधून पाहिलं. एका व्हिडिओत एक माणूस स्वच्छ केलेल्या इंजिनवर अंगाला लावायची पावडर भुरभुरत होता. तेल जिथून निघेल तिथं पावडर ओली होते आणि माग सापडतो. मी आबांना व्हिडिओ दाखवला. ते जरा हसले. म्हणाले, "गाडीला पावडर लावायची म्हणजे नवरीच केली की."

घरातला डबा मी निम्मा रिकामा केला. पांढरंशुभ्र इंजिन बघून तळमजल्यावरच्या बाई बाहेर आल्या आणि काही न विचारताच आत गेल्या. आबांनी गाडी चालू केली. इंजिन तापेपर्यंत आम्ही दोघं वाकून बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडरीवर एक ओली रेघ उमटली. ती हळूहळू खाली सरकत गेली, इंजिनच्या पाठीवरून थेट त्या जोडापर्यंत.

आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "तू म्हणत होतीस तेच हाय. वरूनच येतंय."

कव्हर काढायला अवघड नव्हतं. गाडी थंड झाल्यावर आबांनी पान्यानं एकेक बोल्ट सैल केला आणि माझ्या ओंजळीत दिला. त्यांना नीट दिसेना, म्हणून शेवटचे बोल्ट मी काढले. पॅकिंग मात्र अख्खं निघालं नाही. वाळलेल्या पापडासारखं कडक झालं होतं, उचलताच त्याचे तुकडे पडले. ते तुकडे पिशवीत घालून मी द्वारका सर्कलजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं गाडीचं मॉडेल विचारलं आणि मान हलवली. हे पॅकिंग आता कुणी ठेवत नाही, मागवावं लागेल, कधी येईल सांगता येत नाही. मग मागच्या फळीवरून त्यानं गुंडाळी केलेलं कॉर्कचं शीट काढलं. "हे घेऊन जा. मेकॅनिकला सांगा कापून घ्यायला."

मेकॅनिक नव्हताच. घरी आल्यावर मी शीट टेबलावर पसरलं. आबा म्हणाले, "हे नाजूक काम हाय. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचं पॅकिंग मी पुठ्ठ्याचं कापायचो, पण ते सरळ होतं. याला किती वळणं हायेत बघ."

मी कव्हर धुऊन कोरडं केलं आणि कटिंगच्या कागदावर पालथं ठेवलं. कडेकडेनं पेन्सिल फिरवली. आतली कड वेगळी, बाहेरची वेगळी. बोल्टची भोकं कागद दाबून उमटवली. गेली कित्येक वर्षं मी बायकांच्या गळ्यांचे आणि बाह्यांचे कागद कापत आले आहे. या झाकणाची वळणं गळ्यापेक्षा काही अवघड नव्हती. कागद कॉर्कवर टाचला आणि कापायला घेतला. भोकांसाठी माझ्याकडे हुकांच्या पट्टीला भोकं पाडायचा छोटा पंच होता. आबा समोर बसून बघत होते. मी मान वर केली तेव्हा ते माझ्या हातांकडे पाहत होते.

"तुझी सासू म्हणायची, हिचा हात लय साफ हाय," ते म्हणाले. "मी कधी बघितलंच नव्हतं."

कॉर्क एका ठिकाणी फाटलं. पुन्हा कापलं. दुसरं चांगलं निघालं. कव्हरवर ठेवलं तर सगळी भोकं बरोबर जुळली. आबांनी ते हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं आणि आरपार पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते बसवलं. बोल्ट मधून सुरू करून बाहेर जायचे, एकदम आवळायचे नाहीत, सगळे थोडे थोडे आवळायचे, नाहीतर कॉर्क एका बाजूनं बाहेर येतं. आबा सांगत होते, मी आवळत होते. मग तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, कमी होतं तेवढं तेल घातलं आणि गाडी चालू केली. काहीच गळालं नाही. डागाच्या जागेवर मी जुन्या वर्तमानपत्राचा कागद पसरला. संध्याकाळी तो कोरडा होता. आबा त्या रात्री दोन भाकरी जेवले.

तीन-चार दिवस असेच चांगले गेले. आबा रोज सकाळी कागद बघून यायचे. मग एक दिवस ते वर आले आणि सरळ खुर्चीत जाऊन बसले. मी खाली जाऊन पाहिलं. कागदावर काळे थेंब होते. बॉनेट उघडलं तर त्याच कोपऱ्यातून कॉर्कची कड फुगून बाहेर आली होती.

"जाऊ दे," आबा म्हणाले. "तू लय केलंस. येऊ दे त्याला शनिवारी, दे म्हणावं कुणाला तरी."

माझं पॅकिंगच वाईट निघालं, असं मला वाटत होतं. कुठं कमी कापलं, कुठं जास्त, तेच मी मनात मोजत राहिले. दुपारी शिवणकाम होईना. मी एकटीच खाली गेले. आबांनी गाडीची चावी खुंटीवर ठेवली होती, ती घेतली. गाडी मला चालवता येत होती, पण ही गाडी मी कधी चालू केली नव्हती. चालू केली आणि तो कोपरा बघत उभी राहिले. तेल किती आहे ते पाहावं म्हणून पट्टी काढायला गेले, तर पट्टी आपोआपच वर सरकलेली. दाबून बसवली तर हळूहळू पुन्हा वर आली. जणू आतून कुणी ढकलत होतं. तेल ओतायचं झाकण सैल केलं तर ते थडथड उडायला लागलं आणि आतून गरम वाफ माझ्या हातावर आली.

मी घाबरून गाडी बंद केली, वर धावत गेले आणि आबांना सांगितलं.

ते उठून उभे राहिले. "पट्टी वर येते? झाकण उडतं?"

"हो. हवा भरल्यासारखं होतंय आत."

"मग त्याचा श्वास कोंडलाय," आबा म्हणाले. "ब्रीदर. चल खाली."

जिन्यातच त्यांनी मला समजावलं. इंजिन चालू असताना आत हवा साठत जाते. ती बाहेर जायला एक पाइप असतो, इंजिनच्या बाजूनं खाली उतरतो आणि गाडीखाली उघडाच सुटतो. तो बंद झाला की हवा जिथं जागा मिळेल तिथून तेल घेऊन बाहेर पडते. पॅकिंग कितीही चांगलं कापलं तरी ते ढकललं जाणारच.

पाइपाचं खालचं तोंड बघायचं तर गाडीखाली जावं लागणार होतं. गाडी उंच होती, पण आबांचे गुडघे वाकत नव्हते. मी सतरंजी आणली, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि पाठीवर झोपून आत सरकले. सोसायटीतल्या दोघी-तिघी भाजी घेऊन येत होत्या, त्यांना माझे फक्त पाय दिसले असतील. आबा बाहेरून टॉर्चचा उजेड टाकत सांगत होते, "डावीकडं. त्याच्या मागं. रबरी पाइप नको, लोखंडी बघ."

मला तो सापडला. तोंडाशी बोट लावलं तर आत माती. ओली नव्हे, वाळून दगड झालेली. मी आबांकडून तार मागून घेतली आणि टोकरायला लागले. ढेकळं माझ्या मानेवर, केसांत पडायला लागली. मग एक पोकळ नळीसारखा मातीचा तुकडा अख्खा बाहेर आला. मी तो घेऊन बाहेर सरकले आणि आबांच्या हातात दिला.

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. एका बाजूनं गुळगुळीत, आत कप्पे, कप्प्यात वाळलेलं टरफल.

"कुंभारमाशीचं घर हाय हे," ते म्हणाले. "पावसाळ्यात करतात. आमच्या पंपाच्या पाइपातपण करायच्या."

"पण गाडीत कशी शिरली?"

"गाडी उभी होती ना. आख्खा पावसाळा उभी होती शेडमधी. चालू केलीच नाय मी."

ते गाडीच्या पायरीवर टेकले. मी सतरंजीवरच बसले होते, केसांतली माती झटकत. आबा हातातल्या त्या मातीच्या तुकड्याकडे बघतच बोलायला लागले.

"तुझ्या सासूला गाडी लागायची. माहिती हाय ना? डिझेलचा वास आला की झालं. तिच्या हातात लिंबू असायचं, ते नाकाला लावून बसायची. चांदवडच्या पुढं एक वळण हाय, तिथं मी गाडी थांबवायचोच. ती उतरायची, चूळ भरायची, पुन्हा बसायची. तिकडून जाताना कुणी मागं बसलेलं असलं तर म्हणायचं, इथं का थांबला? मी म्हणायचो, इंजिन तापलंय."

मी केस झटकायची थांबले.

"इथल्या दवाखान्यातून तिला घरी नेली ना, शेवटची, तेव्हा ती सगळा रस्ता झोपली. वळण आलं, मी गाडी हळू केली. तिला म्हटलं, थांबू का? ती म्हणाली, नको, आज बरं वाटतंय. मला इतका आनंद झाला. घरी गेल्यावर सगळ्यांना सांगत सुटलो, आज गाडी लागली नाय तिला, आता ती बरी होणार." ते थांबले. "त्यानंतर दिवाळीपर्यंत मी गाडीला हातच लावला नाय. ती गेली तेव्हासुद्धा नाय. मला वाटायचं, गाडीनं आपल्याला फसवलं."

गेटातून एक रिक्षा आत आली आणि वळून गेली. आबांनी डोळ्यांवरून उलटा हात फिरवला. त्यांच्या गालाला काळं तेल लागलं. मी गोणीतली एक स्वच्छ चिंधी काढून दिली. त्यांनी गाल पुसला आणि मलाही म्हणाले, "तुझ्या कपाळाला माती लागलीय."

"आई मला म्हणाल्या होत्या त्या दिवशीचं," मी म्हणाले. सासूबाईंना मी आई म्हणायचे. "फोनवर. म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांनी गाडी इतकी हळू चालवली की म्हशीसुद्धा पुढं गेल्या. म्हणून झोप लागली मला."

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं, आवाज न करता खांदे हलवून येणारं हसू. ते बराच वेळ तसेच हसत होते आणि डोळे पुसत होते. "म्हशी," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "बघ तिचं बोलणं."

पाइप काढून आम्ही डिझेलनं आतून धुतला, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत. कागद जपून ठेवला होता, त्यावरून मी नवीन पॅकिंग कापलं. या वेळी हात थांबला नाही. ते बसवलं, बोल्ट आवळले, उरलेली पावडर पुन्हा भुरभुरली. गाडी चालू केल्यावर पट्टी जागची हलली नाही. पावडर कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशीही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शनिवारी नवरा आला तेव्हा आम्ही दोघं खाली साबण लावून पेव्हर ब्लॉक घासत होतो. तो पाठीवरची सॅक न काढता उभा राहिला. त्यानं आबांना विचारलं, "कुणाकडून करून घेतलं?"

आबा म्हणाले, "घरीच केलं." आणि पाणी ओतायला लागले. नवऱ्यानं सॅक खाली ठेवली आणि त्यांच्या हातातली बादली घेतली. गाडी द्यायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

थंडी सरता सरता एकदा आबा जेवताना म्हणाले, "देवळ्याला बहिणीकडं जाऊन यावं म्हणतो. लय दिवस झाले. तू नेशील?"

बसनं नेशील का, असं विचारताहेत असं मला आधी वाटलं. मग कळलं. मी म्हणाले, "नेते की."

एवढी उंच गाडी मी कधी चालवली नव्हती. पिंपळगावपर्यंत माझे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. आबा शेजारी बसून काही शिकवत नव्हते, फक्त ट्रक जवळ आला की पाय आखडून घेत होते. मोहोर धरलेले आंबे, कांद्यानं भरलेले ट्रॅक्टर, ढाब्यांच्या पाट्या. चांदवड आलं तसे ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. गावाकडे वळायचा रस्ता आला तेव्हा मी विचारलं, "जायचं का घरी?" त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि मी सरळ पुढे गेले.

देवळ्याला त्यांची थोरली बहीण अंगणात वाट बघत उभी होती. "भाऊ, कसा शे तू?" म्हणून तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गाडीतून चालवायच्या बाजूनं मी उतरले हे बघून ती थोडी थबकली. आबा तिला म्हणाले, "हिनंच आणलं मला. गाडी बी हिनंच नीट केली." ती माझ्याकडे वळली आणि माझेही दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघायला लागली. जेवणं झाली, दोघं भावंडं ओट्यावर बसून दुपारभर बोलत राहिली. मी आत आडवी झाले. त्यांच्या आवाजात मला गाढ झोप लागली.

परतताना उन्हं उतरली होती. गावाचा रस्ता जवळ आला तसं आबा आपणहून म्हणाले, "घे डावीकडं. पाच मिनिटं थांबू."

घर दिवाळीपासून बंद होतं. शेजाऱ्यांकडून किल्ली आणून आबांनी कुलूप काढलं. आत जाऊन मी सवयीनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि केरसुणी शोधायला लागले. त्या घरात मी आले की स्वयंपाकघर नाहीतर मागची मोरी. पुढच्या ओसरीवर बसायचं असं मनातही आलं नव्हतं कधी. तिथं आबा, नवरा आणि येणारे-जाणारे पुरुष बसायचे.

बाहेरून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मी डोकावले. आबांनी ओसरीवर त्यांची लाकडी खुर्ची आणून ठेवली होती आणि खांद्यावरच्या उपरण्यानं तिच्यावरची धूळ झटकत होते.

"झाडायचं राहू दे," ते म्हणाले. "ये, बस इथं."

मी केरसुणी भिंतीला लावली आणि जाऊन बसले. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कांद्याचं हिरवं वावर आणि त्याच्या टोकाशी मावळतीचा उजेड. रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हात वर करून आबांना हाक मारली, "कधी आलास?"

"आत्ताच," आबा म्हणाले. "सूनबाई घेऊन आली."

मग ते आत गेले. चुलीवर नाही, सासूबाईंच्या जुन्या स्टोव्हवर त्यांनी स्वतः चहा ठेवला. दूध नव्हतं. कोरा चहा, त्यात गूळ. दोन कप घेऊन ते बाहेर आले, एक माझ्या हातात दिला आणि दुसरा घेऊन पायरीवर बसले. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथं बसलो होतो. शेतातल्या पाण्याचं, आबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं आणि सासूबाईंच्या म्हशींचं बोलत.